आजोबांचा तंबोरा वाजता करायचाय? मग तारा सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबांचा मिरजेचा तंबोरा बरीच वर्षं गावच्या घरी माळ्यावर पडून होता, तो तुम्ही आता ठाण्याला आणला आहे. भोपळ्याला मागच्या अंगाला तडा गेलाय, दोन खुंट्या अडकून बसल्यात, तारा गंजल्यात आणि घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो तुकडा, सुटी होऊन एका पिशवीत मिळाली. मुलगी गाणं शिकते, तिला रियाजाला हाच तंबोरा मिळावा अशी इच्छा आहे. नवीन तारांचा संच मागवून झालाय. तारा लावून बघू का, घरी काय काय करता येईल आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

तारांचा संच येऊ दे, पण तो कपाटात ठेवा. तंबोऱ्यावर इतक्यात एकही तार चढवू नका. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या तंबोऱ्यांपैकी सगळ्यात जास्त नुकसान झालेले असतात ते माळ्यावर पडून राहिलेले नव्हेत. माळ्यावरून काढून त्याच संध्याकाळी सुरात लावून पाहिलेले असतात ते.

याचं कारण साधं आहे. चार तारा सुरात असतात तेव्हा त्या सगळ्या मिळून तंबोऱ्याला पंधरा ते तीस किलो वजनाइतक्या जोराने ओढत असतात. स्वर किती उंच, तारा किती जाड आणि लांब, यावर हा आकडा कमीजास्त होतो. ही ओढ एका टोकाला खुंट्यांवर आणि दुसऱ्या टोकाला भोपळ्याच्या बुडाशी तारा जिथे अडकवतात त्या तारदानावर येते, आणि मधे घोडी तबलीला, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी फळीला, खाली दाबत असते. म्हणजे दांडी, गळा (दांडी आणि भोपळ्याचा सांधा), भोपळा आणि तबली हे चारही भाग वाद्य सुरात असेपर्यंत अखंड ओझं पेलत असतात. माळ्यावर पत्र्याखालचा उन्हाळा आणि कोंदट पावसाळा आलटून पालटून खाल्लेल्या वाद्यातला सरस, म्हणजे सांधे जोडणारा जुना गोंद, ठिसूळ झालेला असतो. बाहेरून सगळं धड दिसतं. तार चढवली की पहिल्या दिवशी आवाजही येतो. मग चार दिवसांनी गळ्यापाशी बारीक काळी रेघ दिसायला लागते, आणि दुरुस्ती दुप्पट होते.

त्यामुळे खरा प्रश्न ‘याला तारा कोणत्या लावू’ हा नाही. हा तंबोरा आज किती ताण पेलू शकतो आणि तुमच्या मुलीच्या आवाजाला त्याच्यावर किती ताण द्यावा लागेल, या दोन गोष्टींचा मेळ बसतो का, हे पाहायचं आहे.

आधी दुसरी बाजू घेतो, कारण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आजोबांचा तंबोरा म्हणजे बहुधा मर्दानी तंबोरा असणार. घोडीपासून तारगहनापर्यंत, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात त्या आडव्या पट्टीपर्यंत, तारेची लांबी मोजा. साधारण तीन फुटांच्या पुढे असेल, भोपळाही मोठा असेल, तर तो पुरुषाच्या आवाजासाठी बनवलाय असं समजा. पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सा, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून मोजलेला. पुरुष साधारण काळी एक, पांढरी दोन या पट्टीत गातात. मुली आणि बायका पांढरी पाच ते काळी पाच यांच्या आसपास. आता हिशेब बघा. तीच तार, तीच लांबी, पण सूर काळी एकवरून पांढरी पाचवर नेला, तर ताण दीडपट होत नाही, दुप्पट होतो. ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि या दोन पट्ट्यांतलं अंतर नेमकं तेवढं आहे. जुन्या वाद्यावर दुप्पट ताण टाकणं म्हणजे ते मोडायला काढणं. तार बारीक लावून थोडं निभावता येतं, पण फार बारीक तार मोठ्या भोपळ्याला हलवू शकत नाही. आवाज चिरका आणि पोकळ येतो.

मग मुलीला हा तंबोरा निरुपयोगी का? तसं नाही. एक मार्ग असा की मर्दानी तंबोरा त्याच्या मूळ पट्टीत ठेवायचा, आणि मुलगी कोणत्या पट्टीत गाते ते पाहून खालच्या सप्तकाचा हिशेब जमतो का ते तिच्या गुरूंना विचारायचं. काही जणी काळी दोन, पांढरी तीनमध्येही गातात, त्यांना थोड्या बारीक तारांवर असा तंबोरा छान चालतो. मुलगी दहा-बारा वर्षांची असेल तर तिची पट्टी अजून ठरायचीच आहे. दुसरा मार्ग असा की घरातल्या कुणा पुरुषाच्या गाण्यासाठी किंवा वादनाच्या साथीसाठी हा राखायचा आणि मुलीसाठी वेगळी लहान तंबोरी घ्यायची. हे आधी ठरवा. कारागिराला पहिला प्रश्न हाच पडतो, कारण घोडीची उंची, तारांची जाडी आणि जवारी (आवाज खुलावा म्हणून घोडीच्या माथ्याला दिलेला उतार), सगळं पट्टीवर अवलंबून असतं.

आता वाद्याची तपासणी. ही घरी करता येते आणि करावीच. फक्त पुसण्याआधी करा. स्वच्छ करून मग बघू असं म्हणाल तर अर्धे पुरावे निघून जातील.

दिवसा उजेडात, खिडकीशी, जाड सतरंजीवर तंबोरा आडवा ठेवा. तबलीवर तिरका उजेड पडू द्या. घोडी जिथे बसत होती तिथे दोन फिकट पट्टे दिसतील, पायांच्या ठशासारखे. भोवतालचं पॉलिश काळवंडलेलं आणि घोडीखालचं मूळ रंगाचं, त्यामुळे ही खूण उमटलेली असते. तिचा फोटो काढा, पट्टीने अंतरं मोजून लिहून ठेवा आणि ती घासू नका. घोडी नेमकी कुठे होती हे सांगणारी दुसरी खूण सहसा मिळत नाही. पिशवीतल्या घोडीचे पाय त्या ठशावर ठेवून बघा. ते तंतोतंत बसत असतील तर घोडी मूळची आहे. नसतील तर मधे कधीतरी बदललीय, आणि कारागिराला हे कळायला हवं.

तबलीला मुळात किंचित फुगवटा असतो, मधे उंच आणि कडांना उतरती. एक सरळ पट्टी आडवी धरून बघा. घोडीच्या जागी तबली सपाट झाली असेल तर चालतं. खड्डा पडला असेल तर तिला आतून आधार द्यावा लागतो किंवा ती बदलावी लागते, आणि दोन्ही घरी होत नाही. कडेने बोट फिरवून सरस सुटलाय का तेही तपासा. साधा वहीचा कागद तबली आणि भोपळा यांच्या सांध्यात सरकतोय का बघा. जिथे सरकतो तिथे पेन्सिलने नको, कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा हलकेच लावून खूण करा.

हीच कागदाची तपासणी गळ्यापाशी करा. दांडी आणि भोपळा जिथे जोडले जातात तो सांधा म्हणजे गळा, आणि तंबोऱ्याचं आयुष्य याच सांध्यावर असतं. मागच्या बाजूला कोरीव पानांच्या नक्षीखाली सांधा लपलेला असतो, म्हणून पानांच्या टोकांशी विशेष बघा. पानं वर उचललेली वाटली तर सांधा हललाय. दांडीच्या दोन टोकांना दोरा ताणून धरा आणि बाजूने डोळा लावा. तंबोऱ्याला सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे दांडीला थोडा बाक आला तर लगेच घाबरायचं कारण नाही. तो बाक संपूर्ण दांडीत एकसारखा आहे की एकदम गळ्यापाशी मोडल्यासारखा आहे, हे महत्त्वाचं. पहिला लाकडाचा स्वभाव आहे, दुसरा सांध्याचा दोष.

कीड आहे का ते कळायला तंबोरा आठवडाभर काळ्या कागदावर ठेवा. लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील आणि कागदावर पिवळसर भुगा पडत असेल तर आत भुंगा जिवंत आहे. भोकं जुनी असतील आणि भुगा पडत नसेल तर प्रकरण संपलेलं आहे. जिवंत कीड असेल तर बाकी कामांच्या आधी तिचा बंदोबस्त करायचा, आणि तोवर हा तंबोरा घरातल्या इतर लाकडी वाद्यांपासून लांब ठेवायचा.

भोपळ्याचा तडा तुम्हाला सगळ्यात भयंकर वाटतोय, मला तितका वाटत नाही. भोपळा फुटला म्हणजे तंबोरा गेला असं लोक धरून चालतात. सगळं तडा कुठे आहे यावर आहे. मागच्या फुगीर अंगाला, आपटल्याने गेलेला तडा असेल, कडा एकमेकींना जुळत असतील आणि तुकडा हरवलेला नसेल, तर ती नित्याची दुरुस्ती आहे. तबली सोडवून आतून कडा जुळवतात, सरसात भिजवलेल्या पातळ कापडाच्या पट्ट्या तड्यावर आडव्या चिकटवतात आणि सावकाश सुकू देतात. नीट केलेल्या तड्याने आवाजात फरक पडलेला मला सहसा ऐकू येत नाही. पण तडा तारदानापाशी बुडाला असेल किंवा गळ्याच्या दिशेने वर चढत असेल तर तो ताणाच्या वाटेवर आहे. तिथे नुसती कापडाची पट्टी पुरत नाही, आतून लाकडाचा आधार लागतो. तुम्ही ‘मागच्या अंगाला’ म्हणालात, त्यावरून पहिल्या प्रकारचा असावा.

भोपळा बदलून घ्या असं कुणी पटकन सुचवलं तर जरा थांबा. हे भोपळे पंढरपूर, मंगळवेढा भागात मुद्दाम वाद्यांसाठी पिकवतात. योग्य आकाराचा, पुरेशा जाड सालीचा आणि नीट वाळलेला भोपळा मिळणं सोपं नाही. आजोबांचा भोपळा कित्येक दशकं वाळलाय आणि त्या दांडीशी, त्या तबलीशी जुळलाय. तो बदलला की नाव आजोबांच्या तंबोऱ्याचं राहील, आवाज दुसऱ्याच वाद्याचा येईल. तुकडे हरवलेले असले, साल भुसभुशीत झालेली असली तरच बदलाचा विचार करावा.

आता एक कळकळीची विनंती. तड्यात किंवा सांध्यात फेव्हिकॉल, अ‍ॅरल्डाइट किंवा झटपट चिकटणारं काहीही घालू नका. जुनी वाद्यं सरसाने जोडलेली असतात. जनावराच्या कातडी-हाडांपासून बनवलेला हा सरस गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून पातळ करतात. त्याचा गुण असा की तो घट्ट धरतो, आणि पुढे कधी सांधा सोडवायचा झाला तर ऊब आणि ओलावा दिला की सुटतो. म्हणजे पन्नास वर्षांनी दुसरा कारागीर लाकूड न फोडता तबली उघडू शकतो. आधुनिक गोंद लाकडाच्या रंध्रांत शिरून बसतात, नंतर त्यावर सरस धरत नाही आणि सांधा उघडायचा तर लाकूडच तुटतं. हौसेने भरलेला असा गोंद खरवडून काढण्यात मूळ दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ जातो. तड्यावर सेलोटेपही नको, काढताना पॉलिशचा थर घेऊन येतो. सुटलेले कपचे, नक्षीचे तुकडे, मणी, काहीही टाकू नका. सगळं एका डब्यात भरून वाद्यासोबत द्या.

अडकलेल्या खुंट्यांना पक्कड लावू नका, तेलही घालू नका. खुंटी निमुळती असते आणि केवळ घर्षणाने थांबते. तेल लाकडात मुरलं की ती खुंटी पुन्हा कधी धरणार नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून खुंट्या हलत नाहीत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बऱ्याचशा आपोआप सैल होतात. तरी नाही झाली तर खुंटीच्या बारीक टोकाकडून, मधे लाकडाचा तुकडा धरून, हलके टोले देत ती उलट दिशेने बाहेर आणतात. उलट खुंटी निसटत असेल, धरत नसेल, तर साध्या पांढऱ्या खडूची पूड लावून बघा, पुष्कळदा तेवढंच पुरतं. भोकच झिजून गोल राहिलं नसेल तर ते पुन्हा निमुळतं करून थोडी जाड खुंटी घडवावी लागते. खुंट्या आपापल्या भोकाला घासून बसलेल्या असतात, म्हणून काढताना प्रत्येकीला कुठली ते चिठ्ठी बांधून ठेवा.

पुसण्याबद्दल थोडकं सांगतो. कोरडा मऊ ब्रश, मग किंचित ओलसर फडकं आणि लगेच कोरडं फडकं. बस. जुनं पॉलिश बहुधा लाखेचं असतं आणि ते स्पिरिटने विरघळतं. कडांची पांढरी किंवा रंगीत नक्षी सेल्युलॉइडची असू शकते. त्यावर थिनर लागला तर ती वितळते, आणि सेल्युलॉइड चटकन पेटतं म्हणून जवळ दिवा-काडीही नको. सुताराकडून नवं चकाचक पॉलिश मारून घेण्याचा मोह टाळा. तबलीवर जाड थर बसला की तिची हालचाल दबते. आजोबांच्या हाताने दांडीवर जिथे रंग उडालाय ती जागा तशीच राहू द्या, तिचा वाजण्याला काही उपद्रव नाही.

घोडी किंवा नक्षी सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची निघाली तर ती सुटी विकायच्या किंवा तशीच दुसरी विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. आता घोड्या हाडाच्या, कठीण लाकडाच्या किंवा फायबरच्या होतात आणि चांगल्या हाताने घडवलेली घोडी उत्तम बोलते.

इथून पुढे जवारी, आणि याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तंबोऱ्याचा तंबोरा होतो तो इथे. घोडीचा वरचा पृष्ठभाग वरवर सपाट दिसतो, पण त्याला तारेच्या दिशेने अगदी मंद उतार दिलेला असतो. तार कंप पावते तेव्हा त्या उतारावर क्षणाक्षणाला टेकते आणि सुटते. तिच्या खाली सुती दोरा सरकवून ही टेकण्याची जागा नेमकी साधली की त्या एका तारेतून वरचे स्वर एकामागून एक उलगडत जातात. खर्जातून, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराच्या तारेतून, गंधार ऐकू येतो म्हणतात तो हाच. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोऱ्याच्या या घोडीवर लिहिलं होतं. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे स्थिर असणारे उपस्वर नियमाप्रमाणे ऐकू यायला नकोत, पण तंबोऱ्यात ते दणदणीत ऐकू येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. कारागिरांना हा नियम पुस्तकातून माहीत नव्हता, पण कानसेचा हात कुठे थांबवायचा हे पक्कं माहीत होतं.

तुमच्या घोडीवर तिरक्या उजेडात बघा. चार तारांच्या चार बारीक खाचा दिसतील. वर्षानुवर्षं घासून तार लाकडात किंवा हाडात रुतते, मग ती पृष्ठभागावर मोकळी टेकू शकत नाही आणि आवाज बसतो. अशा वेळी नुसती खाच घासून चालत नाही, सबंध पृष्ठभाग खाच नाहीशी होईपर्यंत उतरवून उतार नव्याने द्यावा लागतो. कारागीर कानस फिरवतो, बारीक कागदाने साफ करतो, तारा पुन्हा चढवतो, सुरात लावतो, दोरा सरकवतो, ऐकतो, तारा उतरवतो आणि पुन्हा चार हात कानस मारतो. चारही तारांची जवारी सारखी खुलली पाहिजे. जोड, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारा, छान बोलतोय आणि खर्ज खुळखुळतोय, असं झालं तर पुन्हा पहिल्यापासून. गवयाप्रमाणेही फरक असतो. कुणाला अगदी खुली, झणझणीत जवारी हवी असते, कुणाला गोल आणि आत वळलेली. मुलीच्या गुरूंना कोणती आवडते ते विचारून कारागिराला सांगा.

जवारी घरी करायला जाऊ नका. दर वेळी घोडीची उंची थोडी कमी होते आणि उतरलेली उंची परत येत नाही. घरी करायचं काम एवढंच की सुती दोरा कसा सरकवायचा ते नीट शिकून घ्या, कारण हवा बदलली की तो रोज थोडा हलवावा लागतो.

घोडीचे पाय तबलीला पूर्ण टेकतात का हेही तितकंच महत्त्वाचं. पायांखाली कार्बन कागद ठेवून घोडी हलकेच दाबली की कुठे टेकते आणि कुठे नाही त्याचा नकाशा मिळतो. पाय अर्धवट टेकत असेल तर कितीही सुंदर जवारी काढा, आवाज तबलीपर्यंत पोचतच नाही.

आता तुमच्या त्या संचाकडे वळू. गंजलेल्या तारा टाकायच्या आधी खुंटीवर गुंडाळलेलं त्यांचं टोक बघा. तिथे गंज कमी असतो. सोनाराकडे किंवा यंत्राच्या दुकानात मायक्रोमीटरने जाडी मोजून घ्या. आजोबा कोणत्या पट्टीत गात याचा तो सगळ्यात भरवशाचा पुरावा आहे. जोडाच्या पोलादी तारा सहसा ०.३० मिलिमीटरच्या आसपास असतात, खर्जाची पितळी तार त्याहून बरीच जाड. मागवलेला संच बायकी पट्टीचा असेल आणि तंबोरा मर्दानी, तर तो परत करा किंवा पुढच्या तंबोरीसाठी ठेवा.

दुरुस्ती झाल्यावरही तारा एकदम पट्टीला नेऊ नयेत. आधी चार-पाच स्वर खाली लावून आठवडाभर ठेवतात, मग हळूहळू वर. या काळात तबली आणि गळा नव्या ताणाला बसतात, घोडीचा कोन किंचित बदलतो. म्हणूनच शेवटची जवारी सगळं स्थिरावल्यावर काढायची. आधी काढली तर वाया जाते.

क्रम सलग सांगायचा तर: पट्टी ठरवणं, तपासणी, कीड असेल तर तिचा बंदोबस्त, मग तबली सोडवून भोपळ्याचा तडा आणि गळ्याचा सांधा, तबली बंद करणं, खुंट्या, घोडीचे पाय, कमी ताणाच्या तारा, थांबणं, पूर्ण सूर, आणि मग जवारी. यातली पहिली दोन कामं तुमची. खुंट्यांना खडू लावणं आणि कोरडं पुसणं हेही तुमचं. बाकी कारागिराचं.

कारागीर कुठला? तंबोरा मिरजेचा असेल तर दांडीच्या वरच्या टोकाला किंवा मागे बनवणाऱ्याच्या नावाची छोटी पट्टी असते, ती शोधा. शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून मिरजेत सुरू झालेली ही परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि सतारमेकर आडनावाची घराणी आजही तेच काम करतात. मिरजेला स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत आणि जवारीत जाणकार होते, त्यांच्या वावराने गवई आणि कारागीर यांची ऊठबस इथे वाढली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. नावाची पट्टी सापडली तर त्याच घराण्याच्या दुकानात विचारा. आपल्या आजोबा-पणजोबांनी घडवलेलं वाद्य ते लांबून ओळखतात, आणि त्या वाद्याची मापं त्यांच्या हातात असतात. पुण्या-मुंबईतही चांगले लोक आहेत. कुणाकडेही गेलात तरी तबली उघडणार का, सरस वापरणार का आणि जवारी कधी काढणार, हे तीन प्रश्न विचारा. ‘तारा लावून उद्या देतो’ असं उत्तर आलं तर वाद्य परत घेऊन या.

खर्च मी फोटोवरून सांगणार नाही. फक्त तडा, खुंट्या, तारा आणि जवारी असेल तर नव्या तंबोऱ्याच्या मानाने खूप कमी लागतो. गळा सुटलाय, तबली बसलीय, भोपळा बदलायचाय, असं तिन्ही निघालं तर नव्याच्या जवळ जातो. तसं झालं तर पैशाच्या हिशेबाने नवा घेणं शहाणपणाचं. मात्र जुन्या वाळलेल्या तून लाकडाचा नाद नव्या वाद्याला यायला पुष्कळ वर्षं जातात, आणि माझ्या मते गळा शाबूत असेल तर जुना दुरुस्त करणंच योग्य. तोवर मुलीने फोनवरच्या तंबोऱ्यावर रियाज चालू ठेवावा, यात काही कमीपणा नाही. रियाज थांबता कामा नये.

नेताना घोडी काढून वेगळी गुंडाळा, भोपळ्याखाली कापडाची जाड चुंबळ ठेवा आणि दांडीला आधार द्या. तंबोरा गळ्यापाशी एका हाताने उचलू नका. गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. मागच्या सीटवर आडवा, भोपळा दरवाजापासून लांब आणि शेजारी एक माणूस धरून बसलेला, असा न्या. परत आल्यावर तो बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून किंवा एसीच्या झोतात ठेवू नका. महिनाभर वाजवायचा नसेल तर तारा दोन-तीन स्वर उतरवून ठेवा, पण पूर्ण ढिल्या सोडू नका, नाहीतर घोडी सरकते.

पहिल्या पावसाळ्यानंतर जवारी एकदा पुन्हा बघून घ्यावी लागेल, ते कारागिराशी आत्ताच बोलून ठेवा. आणि मला तड्याचा फोटो पाठवाल तर शेजारी पट्टी ठेवून, तारदान आणि गळा दोन्ही दिसतील असा लांबून काढा. तडा ताणाच्या वाटेवर आहे की नाही ते त्यावरून सांगता येईल.